राखणदार नसलेली फट

माझी मावशी गिटारच्या पोटातलं काम करते. गिटार वाजवणारे पुष्कळ असतात, बनवणारेही थोडेफार सापडतात. पण इलेक्ट्रिक गिटारच्या मागचं झाकण उघडून आतल्या तारा, पॉट आणि कंडेन्सर यांच्याशी संसार करणारी दुसरी बाई मी तरी पाहिली नाही. एका वाद्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत ती बसते. खिडकीला लागून टेबल, टेबलावर काचेच्या बरणीत निखळलेले नॉब, सोल्डरिंग गन ठेवायला स्प्रिंगचं घरटं, त्याच्याखाली ओला स्पंज. गन पुसली की स्पंजातून चुर्र होऊन वाफ येते आणि मावशीचा चष्मा क्षणभर धुरकट होतो. दुकानातले लोक तिला तोंडावर मावशी म्हणतात आणि माघारी डाखवाली, म्हणजे सोल्डरचे सांधे देणारी. तिला ते माहीत आहे. "डाख पक्का बसला ना, मग नावं काय ठेवायची ती ठेवा," असं तिचं म्हणणं.

तिच्या नवऱ्यालाही टोपणनाव होतं. बँडमधले त्यांना करंगळी म्हणायचे. मी त्यांना काका म्हणते.

काका एका मोठ्या हॉटेलच्या जेवणाच्या हॉलमध्ये संध्याकाळी गिटार वाजवायचे. चौघांचा बँड होता. समोरची माणसं सूप पीत असताना, त्यांच्या बोलण्यात लुडबुड न करता वाजवायचं, ही त्या नोकरीतली मुख्य कला. काकांकडे त्या कलेसाठी एक खास युक्ती होती. ते तार छेडायचे तेव्हा आवाजाचं बटण पूर्ण बंद असायचं. तार छेडून झाली की त्याच हाताची करंगळी ते बटण हळूच उघडायची. त्यामुळे तारेला नखी लागल्याचा ठोका कुणाला ऐकूच यायचा नाही. स्वर नुसता उगवायचा, दार न वाजवता घरात आलेल्या ओळखीच्या माणसासारखा. जेवणारे लोक मान वर करून बघायचे नाहीत, पण त्यांचं बोलणं जरा हळू व्हायचं. काका म्हणायचे, तीच आपली टाळी.

त्यांची आणि मावशीची गाठ त्या बटणामुळेच पडली. कुठूनतरी दुरुस्त करून आणलेली गिटार घेऊन ते दुकानात आले होते.

"बटण जरासं हलवलं की एकदम बोंब होते," त्यांनी सांगितलं. "आणि त्यानंतर कितीही फिरवा, काही नाही."

मावशीने झाकण उघडून बघितलं. "पॉट चुकीचा बसवलाय कुणीतरी."

पॉट म्हणजे बटणाच्या खाली असलेली डबी. तिच्यात कार्बनची एक पट्टी घोड्याच्या नालेसारखी वळवलेली असते आणि बटण फिरवलं की तिच्यावरून एक धातूचं बोट सरकतं. काही पट्ट्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सारख्या असतात. काही सुरुवातीला हात राखून देतात आणि पुढे सैल सोडतात. आवाजासाठी ही दुसरी जात लागते, कारण आपला कान मोठा चिक्कू. त्याच्या पदरात दहा टाकले तरी दोनच मिळाल्याचं सांगतो. त्याला वाढ जाणवून द्यायची तर आधी थेंबाथेंबाने आणि मग ओंजळीने द्यावं लागतं. हे सगळं मला कॉलेजात लॉगॅरिदम म्हणून शिकवलं. मावशी त्याला चिक्कूपणा म्हणते.

तिने खणातले सगळे पॉट एकेक करून लावून पाहिले. एकाच छापाचे असले तरी दोन पॉट सारखे नसतात. काका रोज यायचे, करंगळीने फिरवून बघायचे, नाही म्हणायचे. शेवटी एक पटला, तर तो फिरायला जड. आत घट्ट ग्रीस भरलेलं असतं, बटण डगमगू नये म्हणून. मावशीने डबीचे दुमडलेले पत्र्याचे कान उचकटून ते ग्रीस पुसून काढलं. मग पॉट असा हलका झाला की फुंकर मारली तरी फिरेल. "पॉट आठवड्यात जमला," मावशी सांगायची, "लग्न जमायला वर्ष लागलं." काका बाजूने म्हणायचे, "पॉटला मान्य होतं, सासऱ्यांना नव्हतं."

मूलबाळ झालं नाही. घरी दोन खोल्या, एक गिटार, आणि सुट्टीच्या दिवशी जेवायला मी. काका तसे अबोल. रागावले तरी कळायचं नाही आणि खूश झाले तरी कळायचं नाही. जे काय असेल ते दुपारी खिडकीशी बसून वाजवायचे आणि मावशी स्वयंपाकघरातून ओळखायची. "आज बँडमध्ये वाजलंय वाटतं," ती मला हळूच सांगायची, आणि ते खरं निघायचं. मी पोलीस असते तर ती गिटारच साक्षीदार म्हणून उभी केली असती.

एका दुपारी बँडमधला कीबोर्डवाला मावशीच्या खोलीत आला. बँडचा कारभार तोच बघायचा.

"वहिनी, एक बोलू का? रागावू नका."

"रागवायचं की नाही ते ऐकून ठरवते."

"करंगळीची गिटार किरकिरायला लागलीय. तार नीट दाबली गेली नाही की झणझण होते ना, तसं. आम्ही त्याला सांगितलं. तो म्हणतो, फ्रेट झिजलेत."

"मग झिजले असतील."

"असतील." त्याने बरणीतला एक नॉब काढून उगाच हातात फिरवला. "पण मॅनेजर विचारत होता, तुमच्यातलं कुणी आजारी आहे का. त्यांच्या डोक्यात एक तरुण पोरगा आहे. स्वस्तातला. मी काय ते तुम्हाला सांगून ठेवतो."

फ्रेट म्हणजे गिटारच्या मानेवर आडव्या ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या. डाव्या हाताच्या बोटाने तार त्यांच्यावर दाबायची, म्हणजे स्वर ठरतो. मावशीने काकांना दुकानात बोलावलं आणि वाजवायला सांगितलं. ती गिटारकडे बघतच नव्हती. ती त्यांच्या नखांकडे बघत होती. तार जोरात दाबली की बोटाचं नख पांढरं पडतं. काकांच्या पहिल्या दोन बोटांची नखं पांढरी पडत होती. अनामिकेचं आणि डाव्या करंगळीचं नख गुलाबीच राहत होतं.

त्याआधी केव्हातरी काकांचा हात दुखत होता म्हणून डॉक्टरांकडे जाऊन झालं होतं. कोपरात नस दबलीय, यायला उशीर केलात, आता आहे तेवढं जपा, असं ते म्हणाले होते. काकांनी ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडून दिलं होतं. विचारलं तर "जरा मुंग्या येतात" एवढंच सांगायचे. शर्टाची बटणं मात्र हल्ली एका हाताने लावायचे.

"काय, फ्रेटच ना?" त्यांनी विचारलं.

मावशी म्हणाली, "फ्रेटच. ठेवून जा."

तिने आधी तारा बदलल्या. बारीक चढवल्या, जरा सैल ठेवल्या, म्हणजे दाबायला जोर कमी लागेल. त्याने काही दिवस निभलं. मग पुन्हा कीबोर्डवाला दारात. तेव्हा मावशीने कंडेन्सर लावला.

इथे थोडं आतलं सांगावं लागेल. मी कॉलेजात फिल्टर शिकत होते आणि गणिताने डोकं पिकलं होतं, तेव्हा मावशीने मला ते जसं सांगितलं तसंच सांगते. तारेतून येणाऱ्या आवाजात जाड आणि टोकदार असे सगळे सूर एकत्र चालत असतात. कंडेन्सर म्हणजे त्या वाटेच्या कुंपणाला पडलेली फट. पोरं टुणकन पलीकडे जातात, म्हैस अडकते. टोकदार सूर म्हणजे पोरं. ती फटीतून निसटून ग्राउंडमध्ये, म्हणजे अर्थिंगच्या तारेत, जातात, आणि ग्राउंडमध्ये गेलं ते गेलं. वाटेवर राहते ती म्हैस, म्हणजे जाड, मऊ आवाज. फट जेवढी मोठी, तेवढी जास्त पोरं पळणार. आणि गिटारवर टोन नावाचं जे दुसरं बटण असतं, त्याचा पॉट म्हणजे फटीपुढे बसवलेला राखणदार. तो दहावर असला की काठी आपटत उभा असतो, जवळजवळ कुणाला जाऊ देत नाही. आवाज चकचकीत येतो. शून्यावर नेला की घोरत पडतो. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा होतो. वाजवणाऱ्याला जसा हवा तसा राखणदार त्याने जागवावा किंवा झोपवावा. एवढाच टोनचा सगळा कारभार.

मावशीने काय केलं, तर दुसरी एक फट पाडली. मसुराएवढा कंडेन्सर, एक पाय आवाजाच्या वाटेवर आणि दुसरा थेट ग्राउंडवर. मध्ये पॉट नाही. या फटीला राखणदारच नव्हता. तारा झणझणतात ते सगळं टोकदार पोरांचं काम असतं. ती झणझण आता चोवीस तास तिथून गळून जायची. वरून तिने काळी टेप गुंडाळली आणि झाकण लावलं.

काकांनी वाजवून पाहिलं. "आवाज मऊ झालाय गं."

"फ्रेट घासले ना."

"लाकूड मुरलं म्हणायचं." ते खूश होते. त्या दुपारी त्यांनी वाजवलं त्यावरून मावशीला ते कळलं.

कीबोर्डवाला मुद्दाम सांगायला आला. "वहिनी, लोणी. नुसतं लोणी. त्या पोराचं नाव कुणी काढत नाही आता."

झाकली मूठ सव्वा लाखाची, असं मावशी स्वतःशी म्हणाली. पण ती मूठ दिवसेंदिवस सैल होत होती. बोटातला जोर आणखी उतरला, मऊ आवाजातूनही किरकिर डोकवायला लागली. मावशीने पहिला कंडेन्सर काढून त्याहून मोठा लावला. काही महिन्यांनी त्याहून मोठा. प्रत्येक वेळी काही ना काही कारण काढून गिटार दुकानात न्यायची: आज जॅक सैल झालाय, आज तारांखालच्या पिकअपची तार तुटायला आलीय. काका निमूटपणे द्यायचे. दुसऱ्या कुणाला ते त्या गिटारला हातही लावू देत नसत.

मग एका दुपारी काका गिटार अॅम्पला, म्हणजे आवाज मोठा करणाऱ्या पेटीला, जोडून स्वयंपाकघराच्या टेबलाशी बसले आणि त्यांनी मावशीला हाक मारली.

"इकडे ये. ऐक. हा टोन दहावर." त्यांनी तार छेडली. "आणि आता शून्यावर." पुन्हा छेडली. "तुला फरक कळतो?"

फरक फार थोडा होता. पोरं आधीच पळून गेली होती. राखणदार जागा असला काय नि झोपला काय.

"कळतो की," मावशी म्हणाली.

"मला नाही कळत. पॉट गेलाय का, बघ बरं."

तिने गिटार दुकानात नेली. टोनचा पॉट सोडवला, मीटर लावलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवला. काटा कुठेही न अडखळता चढला आणि उतरला. तिने पॉट परत जोडला. काळ्या टेपला हात लावला नाही. संध्याकाळी ते हॉटेलला जायच्या आधी तिने गिटार दिली.

"पॉट बरोबर आहे."

"मोजलास?"

"मोजला."

"मग झालं," काका म्हणाले आणि बूट घालायला बसले.

मावशीला वाटलं, बला टळली. ती खोटं बोललीच नव्हती. पॉट खरोखरच बरोबर होता. पण काकांनी दुसरा हिशेब केला होता. आवाज मंद येतोय हे त्यांना ऐकू येत होतं. गिटारमध्ये दोष नाही हे मावशीने मोजून सांगितलं होतं. तिच्या डाखावर त्यांचा स्वतःच्या कानांपेक्षा जास्त विश्वास होता. मग दोष उरला कुठे?

त्यानंतर घरात चमत्कारिक गोष्टी व्हायला लागल्या. काका बोलणाऱ्याच्या ओठांकडे बघायला लागले. कानाजवळ बोटं चोळून बघायचे. खालच्या किराणावाल्याला त्यांनी सांगून ठेवलं की जरा मोठ्याने बोलत जा, तेव्हापासून तो त्यांना रस्त्याच्या पलीकडून साखरेचा भाव ओरडून सांगायचा. मीही एकदा जेवताना, त्यांना त्रास नको म्हणून, आवाज चढवला तर म्हणाले, "तू कशाला ओरडतेस? मी बहिरा आहे का?" आणि मग स्वतःच मान खाली घालून जेवत राहिले. एकदा मावशी दुकानातून परतली तेव्हा काका स्वतःच्याच दाराबाहेर उभे राहून बेल दाबत होते.

"किल्ली विसरलात?"

"नाही."

"मग बेल बिघडलीय का?"

"नाही," ते म्हणाले. "ऐकत होतो."

बँड सोडल्याचं त्यांनी घरी सांगितलंच नाही. ते कीबोर्डवाल्याकडून कळलं. तो या वेळी दुकानात आला तो बसलाच, स्टूल ओढून.

"कान गेले म्हणतो, वहिनी. म्हणतो, ज्याला ऐकू येत नाही त्याने चारचौघांत वाजवू नये, ती फसवणूक आहे. अहो, कसले कान गेले? परवा मी ड्रमवाल्याला कोपऱ्यात हळूच शिवी दिली ती यालाच ऐकू आली. मलाच वर सांगतो, तोंड सांभाळ."

मावशीने तापलेली गन स्पंजावर पुसली.

"आवाज चांगला लागत होता हो त्याचा. आत्ता कुठे मऊ झाला होता." तो उठला. "त्या पोराला तात्पुरता घेतलाय. महिनाअखेरीला हॉटेलवाले पक्कं करणार. त्याच्या आत याला समजावा. बोटांचं मला केव्हाच कळलं होतं, ते मी बघून घेईन, अवघड जागा कीबोर्डवर उचलेन. त्याला सांगा, बोटं सांभाळून घेता येतात. कान गेल्यावर मात्र काही उपाय नाही."

तो गेल्यावर मावशीला उलगडा झाला. तिने झाकलं होतं ते बोटांचं दुखणं, आणि काकांनी ते कानांच्या नावावर चढवलं होतं. बोटांचं कळलं असतं तर त्यांनी कदाचित वाजवणं सोडलं नसतं. लंगडणारा माणूस चालतोच की.

तिने त्यांना कान तपासायला नेलं. काचेच्या खोलीत बसवून मशीनने शिट्ट्या वाजवल्या. तपासणारा म्हणाला, वयाच्या मानाने उत्तम.

"वयाच्या मानाने," काका घरी येताना म्हणाले, "असं सगळ्याच मोडक्या गोष्टींबद्दल म्हणतात."

"पण मशीन सांगतंय ना?"

"मशीन शिट्ट्या मारतं. शिट्टी कुत्र्यालाही ऐकू येते. मी माझी गिटार ऐकतो, आज नाही, जन्मभर. ती मला पूर्वीसारखी ऐकू येत नाही. आणि गिटारमध्ये दोष नाही, तू स्वतः मोजलंस." ते थांबले. "मोजलंस ना?"

"मोजलं," मावशी म्हणाली.

हे तिने मला सांगितलं तेव्हा ती एका पॉटचे कान सरळ करत बसली होती, आणि ते सरळ झाल्यावरही करतच राहिली. तिची अडचण मला कळत होती. कान शाबूत आहेत हे पटवायचं तर कंडेन्सर काढून दाखवायला हवा. कंडेन्सर काढला की किरकिर बाहेर येणार. एक खरं सांगायचं तर दुसरं झाकता येत नव्हतं.

"सांगून टाक," मी म्हटलं. "निदान कान तरी परत मिळतील."

"आणि बोटं?"

मी तेव्हा नुकतीच नोकरीला लागले होते आणि बिघाड सापडला की काम झालं असं मला वाटायचं.

"रविवारी जेवायला ये," ती म्हणाली. "मला एकटीला जमायचं नाही."

रविवारी जेवणं झाल्यावर मावशीने टेबल पुसलं, त्यावर जुना टॉवेल अंथरला आणि कोपऱ्यातली गिटार आणून पालथी ठेवली. काका पेपर वाचत होते. पेचकसाचा आवाज ऐकून त्यांनी पेपर खाली केला. झाकण निघालं. मावशीने काळ्या टेपचं टोक नखाने उचललं आणि सोलत नेलं.

"हे काय आहे?" काकांनी विचारलं.

"कंडेन्सर."

"ते मलाही दिसतंय. टोनचा तर तो तिकडे आहे. हा कुणी लावला?"

"मी."

ते उठून जवळ आले. इतकी वर्षं तिच्यासमोर बसून त्यांनाही त्यातलं थोडंफार कळायला लागलं होतं. त्यांनी त्याचे दोन्ही पाय बोटाने माग काढत पाहिले. "हा बटणातून जातच नाही."

"नाही. थेट ग्राउंडला."

"म्हणजे मी बटण कुठेही ठेवलं तरी."

"हो."

काकांनी 'कधीपासून' विचारलं नाही, 'का' विचारलं नाही. मावशीने कात्रीने दोन्ही पाय कापले, मसुराएवढा नव्हता तो, चिंचोक्याएवढा झाला होता, तो टॉवेलवर पडला. झाकण न लावताच तिने गिटार त्यांच्या हातात दिली आणि अॅम्प चालू केला.

काकांनी आधी मोकळी तार छेडली. डावा हात लावलाच नाही. खोलीत एकदम कुणीतरी खिडक्यांच्या काचा पुसल्यासारखं झालं. स्वराची कड दिसावी इतका तो स्वच्छ होता. काकांनी टोन शून्यावर नेला, आवाज विझला. दहावर आणला, उजळला. पुन्हा शून्य, पुन्हा दहा. मग ते हसले. काकांना आवाज करून हसताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

"येतंय," ते मावशीला म्हणाले. "अगं, सगळं येतंय ऐकू."

"मी सांगत होते ना," मावशी म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर मात्र हसू नव्हतं.

मग त्यांनी डावा हात मानेवर ठेवला आणि हॉटेलात रोज सुरुवातीला वाजवायचे ती धून घेतली. पहिले दोन स्वर नीट आले. तिसरा, अनामिकेचा, पत्र्यावर माशी अडकावी तसा झणझणला. ते थांबले. पुन्हा घेतला. पुन्हा झणझणला. त्यांनी नखी तोंडात धरली, उजव्या हाताने डावी अनामिका तारेवर जोरात दाबली आणि तिच्यावरचा हात न काढता त्याच हाताच्या अंगठ्याने तार छेडली. स्वर स्वच्छ आला. हात काढून पुन्हा छेडली. माशी.

त्यांनी नखी तोंडातून काढली.

"अच्छा," ते म्हणाले. "बोटं होय."

मावशी बोलायला लागली. कीबोर्डवाला अवघड जागा उचलेल, दोन बोटांनीही पुष्कळ वाजवता येतं, डॉक्टर बदलून बघू. ती एरवी इतकं कधी बोलत नाही. काका टॉवेलवरच्या त्या चिंचोक्याकडे बघत होते. ती थांबल्यावर म्हणाले, "लाव परत."

"अहो, कशाला आता?"

"लाव. मऊ होता आवाज. तो कीबोर्डवाला लोणी म्हणायचा."

पाय कापून आखूड झाले होते म्हणून तिने पर्समधून तसाच दुसरा काढला. दुकानातून आणलेली गन तापवली. मी आयुष्यात पहिल्यांदा मावशीचा डाख फसलेला पाहिला. तो चकाकला नाही, राखाडी, खडबडीत गोळा झाला. ती ओशाळली, तो वितळवून पुन्हा दिला. या वेळी बसला.

काकांनी तीच धून घेतली. आवाज पुन्हा मऊ, जाडसर, गुबगुबीत. उजवी करंगळी बटणावर होती आणि स्वर पूर्वीसारखेच न सांगता उगवत होते. मी कान देऊन ऐकलं. मला कुठेही किरकिर ऐकू आली नाही. मावशीकडे बघितलं, तिने मान हलवली, तिलाही नाही. चार ओळी वाजवून काका थांबले.

"अजून किरकिरतंय."

"नाही हो. काही किरकिरत नाही. हिला विचारा."

"नाही काका, खरंच नाही," मी म्हटलं.

"तुम्हाला नाही," काका म्हणाले. "मला येतंय."

मावशीने पर्स उपडी केली आणि तिच्यातला सगळ्यात मोठा कंडेन्सर शोधून तो लावला. त्याने गिटारचा आवाज भिंतीपलीकडच्या शेजाऱ्याच्या बोलण्यासारखा झाला, शब्द नाहीत, नुसती गुणगुण. काकांनी एक ओळ वाजवली, मान हलवली आणि अॅम्प बंद केला. "राहू दे," ते म्हणाले. "तुझ्या कामात काही कमी नाही." आणि चहा टाकायला स्वतः उठले. कप धरताना त्यांनी डावा हात वापरला नाही. आता लपवायचं कारण उरलं नव्हतं.

महिनाअखेरीला हॉटेलवाल्यांनी त्या पोराला पक्कं केलं. कीबोर्डवाला एकदा घरी येऊन गेला. काका त्याच्याशी हवापाण्याचं बोलले. त्यानंतर तो आला नाही, यायचं तरी कशाला. किराणावाला मात्र अजून रस्त्यापलीकडून भाव ओरडतो. काकांनी त्याला कान बरे आहेत असं सांगितलेलं नाही. विचारलं तर म्हणतात, तेवढं एक चालू दे.

मावशीचं काम चालूच आहे. गिऱ्हाइकं येतात, आवाज टोचतो म्हणतात, मऊ करून मागतात. ती आता विचारते, वाजवणारे तुम्हीच का, आणि मगच पेचकस हातात घेते.

दुपारी काका खिडकीशी बसतात. गिटार मांडीवर असते, पण अॅम्प जोडलेला नसतो आणि डावा हात मांडीवर असतो. उजवी करंगळी आवाजाचं बटण उघडते, बंद करते, उघडते. ती अजून पूर्वीसारखीच सफाईने चालते. मावशी स्वयंपाकघरात हातातलं काम थांबवून कान देते. पूर्वी तिला इथून सगळं कळायचं. आता काही कळत नाही. त्या पॉटमधलं घट्ट ग्रीस तिनेच पुसून काढलं होतं, त्यामुळे तो फिरताना त्याचासुद्धा आवाज होत नाही.